छोट्या कन्सल्टंटनं ईटॅप घ्यावं की मायपॉवर?

उद्यमबागकर: ईटॅप आणि मायपॉवर, दोन्ही वीजव्यवस्थेचे अभ्यास करायची सॉफ्टवेअर. दोन इंजिनिअर आणि एक ड्राफ्ट्समन, एवढंच आमचं ऑफिस. कामं बेळगावातल्या फाउंड्र्यांची आणि चिकोडी-अथणीकडच्या साखर कारखान्यांच्या को-जनची, म्हणजे उसाच्या चिपाडावरच्या वीजनिर्मितीची. लोड फ्लो (कुठं किती वीज वाहते), शॉर्ट सर्किट, रिले कोऑर्डिनेशन (बिघाडात आधी कुठला ब्रेकर सुटावा), हार्मोनिक्स (५० हर्ट्झच्या पटीतल्या नको त्या लहरी). भाड्याचं लायसन्स संपत आलंय, आता विकत घ्यायचंय. माझं मत मायपॉवरला. बेंगळुरूच्या पीआरडीसी कंपनीचं आहे, अडलं तर बसनं जाऊन भेटता येतं. चार अभ्यासांसाठी ईटॅपचा खर्च मला पटत नाही.

निपाणीकर: दादा, मला हे मान्य नाही. को-जनचा ठेकेदार पुण्याचा, तपासणारा आणखी कुठला. तो नुसता रिपोर्ट घेत नाही, ईटॅपची फाइल मागतो. गेल्या हंगामाआधी अख्खं रिले कोऑर्डिनेशन मी ईटॅपमध्ये दुसऱ्यांदा भरलं. तीन आठवडे गेले, बिल तेवढंच.

खानापूरचा: दोन्ही कशाला ओ? ओपनडीएसएस हे अशाच अभ्यासांचं सॉफ्टवेअर २००८ पासून खुलं आहे, फुकट. मी पायथनमधून चालवूलोय, शंभर केसेस एका दमात होतात.

निपाणीकर: फीडरच्या, म्हणजे वितरणाच्या लाइनच्या, अभ्यासाला उत्तम. पण रिले कंपन्यांच्या कर्व्हची (किती करंटला किती वेळात रिले चालतो) लायब्ररी त्यात तयार मिळत नाही. एकेक कर्व्ह हातानं भरणार का?

गोकाकचे काका: नावावरून भांडताय, आत भरता काय ते कुणीच सांगत नाही. फाउंड्रीचा १००० केव्हीए ट्रान्सफॉर्मर घ्या, ११ केव्ही/४३३ व्होल्ट, इंपिडन्स ५ टक्के. सोर्स, म्हणजे मागचं ग्रिड, अनंत ताकदीचा धरला तर एलटी बसवर (४३३ व्होल्टच्या बाजूला) शॉर्ट सर्किटचे २६.७ किलोअँपिअर येतात. सोर्स १५० एमव्हीए धरा, २३.५ वर येतात. ब्रेकर निवडताना जास्तीचा आकडा धरला तर निदान धोका नाही. पण हार्मोनिक्सला तसं चालत नाही. ३५० केव्हीएआरची कपॅसिटर बँक असेल तर अनंत सोर्सवर रेझोनन्स, म्हणजे कपॅसिटर ज्या हार्मोनिकला फुगवतो ती जागा, साडेसातच्या पुढं दिसतो, खऱ्या सोर्सवर सातच्या जवळ येतो. सहा पल्सच्या रेक्टिफायरवरची इंडक्शन फर्नेस सातवा हार्मोनिक सोडतेच! अशा एका फाउंड्रीत कपॅसिटर फुगलेले मी पाहिलेत. रिपोर्ट महागड्या सॉफ्टवेअरचा होता, रंगीत होता, आणि सोर्सच्या रकान्यात अनंत. पोरांनो, आधी सबस्टेशनची फॉल्ट लेव्हल, म्हणजे हाच सोर्सचा आकडा, लेखी आणा.

निपाणीकर: काका, हिशेब बरोबर आहे, पण तो एका बसचा झाला. को-जनमध्ये जनरेटर, मोठ्या मोटर्स, ग्रिडला जोडलेलं आणि सुटलेलं असे दोन्ही मोड. हे कागदावर कसं करणार?

गोकाकचे काका: कागदावर सगळं करा म्हटलंच नाही. एक बस हातानं काढा आणि सॉफ्टवेअरशी ताडून बघा. जुळलं नाही तर सही करू नका.

उद्यमबागकर: जुनी टेंडरं काढून बघितली. को-जनच्या दोन्हींत ईटॅपची फाइल लिहिलीय, निपाणीकरांचं खरं आहे. फाउंड्रीवाल्यांनी मात्र आजवर कधी फाइल मागितली नाही. मायपॉवर विकत घेतो, को-जनपुरतं ईटॅप मुदतीवर. त्याचं भाडं कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लावणार.

निपाणीकर: वेगळी ओळ सगळ्यात आधी खोडतात. दरातच धरा.