पोल्कच्या नेमका उलटा: क्लेमेंट इव्हान्स

लिओनिडास पोल्क: आधी बिशप, मग अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती, १८६४ मध्ये तोफगोळ्यानं गेला. दक्षिणेतल्याच जॉर्जिया राज्याच्या क्लेमेंट इव्हान्सचं नेमकं उलटं. हा वकील, २१व्या वर्षी न्यायाधीश, त्याच युद्धात दक्षिणेचा ब्रिगेडियर जनरल. फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईतला संहार पाहून त्यानं ठरवलं, वाचलो तर धर्मोपदेशक व्हायचं. झालाही, १८९२ पर्यंत मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचा) पाळक होता. (हे मेथडिस्ट म्हणजे १८४४ मध्ये गुलामगिरीवरूनच वेगळी चूल मांडलेले दक्षिणेतले, बरं का!) मला खटकतं ते पुढचं. निवृत्तीनंतर त्यानं दक्षिणेच्या फौजांचा १२ खंडांचा गौरवी इतिहास संपादित केला आणि त्यांच्या माजी सैनिकांच्या संघटनेचा प्रमुखही झाला. त्यामुळे 'पश्चात्तापदग्ध सेनापती' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.