मदत हवी आहे: आईसाठी न्यू जर्सीत मराठी बोलणारी क्लिनिकल सोशल वर्कर

नमस्कार मंडळी,

एडिसनच्या आसपास मराठीतून थेरपी देणारी लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर, म्हणजे एलसीएसडब्ल्यू, कोणाच्या माहितीत आहे का? आईसाठी हवी आहे. वय ७१. गेल्या गणपतीत बाबा गेले आणि तेव्हापासून ती हळूहळू सगळ्यातून अंग काढून घेतेय. स्वयंपाकघरात येत नाही, देवळात चल म्हटलं तर नको म्हणते, रात्री दोन-तीनला उठून पलंगावर बसलेली दिसते. वजन बरंच उतरलंय. थायरॉइड, बी-१२ वगैरे तपासून झालं, त्यात काही निघालं नाही.

फॅमिली डॉक्टर चांगल्या आहेत. त्यांनी डिप्रेशनसाठीची नेहमीची नऊ प्रश्नांची यादी दिली. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, झोप कशी आहे, भूक लागते का, अशी. कागद इंग्रजीत, त्यामुळे मी एकेक प्रश्न मराठीत विचारत होतो आणि आई जवळजवळ प्रत्येकाला "नाही रे, तसं काही नाही" म्हणत होती. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो विचारल्यावर तिने माझ्या हातातून कागद घेतला, त्याची घडी घातली आणि "पुरे आता" म्हणाली. पोटच्या मुलाने असं विचारलं तर कोणती आई खरं सांगेल? डॉक्टरांच्या हिशेबात तिचे गुण आले २७ पैकी २. साताऱ्याच्या मावशीशी फोनवर बोलताना मात्र दार लावून घेते आणि रडते, ते बाहेर ऐकू येतं.

म्हणून यापुढे दुभाषा म्हणून मी मध्ये बसणार नाही. तिला घराबाहेरचं, तिच्या भाषेत ऐकून घेणारं माणूस हवं. हिंदी तिला कळतं, मालिका बघते, पण बाबांचा विषय हिंदीत निघाला की दोन वाक्यांत गप्प होते.

सोशल वर्करच का, असं नातेवाईक विचारतात. इथे एलसीएसडब्ल्यू म्हणजे एम.एस.डब्ल्यू., नंतर देखरेखीखाली काही वर्षं रुग्णांबरोबर काम, परीक्षा आणि मग राज्याचं लायसन्स. त्यांना निदान करता येतं, थेरपी देता येते. औषध लिहून देता येत नाही. शिवाय घरातली परिस्थिती, ज्येष्ठांसाठीच्या सोयी, एकटेपणा, हे सगळं त्या कामात धरतात. आईचा दिवस रिकाम्या घरात जातो, आम्ही दोघं नोकरीवर. त्यामुळे मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

विमा मेडिकेअरचा, म्हणजे इथल्या सरकारच्या ज्येष्ठांसाठीच्या योजनेचा, आहे (ग्रीन कार्डवर पाच वर्षं झाल्यावर विकत घेतला). त्यातल्या पार्ट बीमध्ये (दवाखान्याबाहेरच्या उपचारांचा भाग) क्लिनिकल सोशल वर्करची थेरपी बसते, डिडक्टिबल, म्हणजे वर्षाचा ठरावीक खर्च आधी आपण भरला, की पुढे २० टक्के आपले. पण फोन करावा तर कोणी मेडिकेअर घेत नाही, कोणी नवे पेशंट घेत नाही, आणि साउथ एशियन म्हणून यादीत दिसलेल्या थेरपिस्टला मराठी येत नाही.

अजून दोन शंका आहेत. पुण्यातली समुपदेशक झूमवर चालेल का? आणि हिवाळ्यात आई माझ्या बहिणीकडे डॅलसला जाते, तेव्हा मध्येच खंड पडेल का?

प्रतिसाद

मी याच क्षेत्रात आहे, पण माझं लायसन्स फक्त न्यूयॉर्कचं, त्यामुळे मनात असूनही तुमच्या आईंना घेऊ शकत नाही. सेशनच्या वेळी पेशंट ज्या राज्यात असेल त्या राज्याचं लायसन्स थेरपिस्टकडे लागतं. म्हणजे डॅलसला गेल्यावर टेक्सासचं. दोन्हीकडचं असलेल्या थोड्याच सापडतील, तरी पहिल्याच फोनवर विचारा, नाहीतर ऐन थंडीत सगळं थांबेल. आता हाच नियम तुमच्या फायद्याचाही आहे. ऑनलाइन चालणार असेल तर एडिसनचा आग्रह सोडा. चेरी हिल असो की जर्सी सिटी, न्यू जर्सीचं लायसन्स असलं म्हणजे झालं.

नाव हाती आलं की राज्याच्या सोशल वर्क बोर्डाच्या साइटवर लायसन्स चालू आहे का ते बघून घ्या, पैसे पडत नाहीत. नुसतं एलएसडब्ल्यू (त्याच्या खालच्या पायरीचं सोशल वर्कर लायसन्स) असेल तर ती व्यक्ती देखरेखीखाली थेरपी देते. मेडिकेअरला एलसीएसडब्ल्यू लागते.

सायकॉलॉजी टुडेच्या यादीत राज्य, विमा आणि भाषा निवडून शोधता येतं. न्यू जर्सीतच साम्हिन ही दक्षिण आशियाई लोकांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, त्यांना विचारा. आणि फोनवर "मराठी येतं का?" एवढ्यावर थांबू नका, "मराठीतून थेरपी दिली आहे का?" असं विचारा. इथे वाढलेल्या आमच्या कितीतरी सहकारी घरी आजीशी छान मराठी बोलतात, पण नवरा गेलेल्या बाईशी तासभर त्या दुःखाबद्दल मराठीत बोलायचं म्हटलं की शब्द सापडत नाहीत.

एक गोष्ट मात्र शोध लागेपर्यंत थांबवू नका. तो नववा प्रश्न अनुत्तरित आहे आणि २ गुणांवर विसंबून राहता येणार नाही. डॉक्टरांना याच आठवड्यात फोन करून रात्रीचं जागरण, मावशीच्या फोननंतरचं रडणं, सगळं सांगा. गोपनीयतेचा कायदा तुम्हाला सांगण्यापासून अडवत नाही. पुढच्या भेटीला फोनवरचा मराठी दुभाषा मागा आणि तुम्ही बाहेर बसा. ती प्रश्नावली मराठीतही मिळते. घरातल्या झोपेच्या आणि दुखण्याच्या गोळ्या आवरून ठेवा, बाबांच्या उरलेल्या असतील त्याही. जिवाचं काही बोलल्या तर ९८८ या आत्महत्या-संकट हेल्पलाइनला कधीही, मध्यरात्रीसुद्धा, फोन करा. घरच्यांनी केला तरी चालतो आणि दुभाषा मिळतो. तशी वेळ जवळ आली आहे असं वाटलं तर थेट ९११.

प्रतिसाद

वडिलांच्या वेळी आम्ही यातून गेलोय, म्हणून लिहिते. पुण्याच्या समुपदेशक बाईंशी झूमवर बोलून बाबांना बरं वाटायचं, ते मी नाकारणार नाही. पण त्यांच्याकडे इथलं लायसन्स नाही, मेडिकेअर देशाबाहेरच्या थेरपिस्टला पैसे देत नाही, आणि एका रात्री बाबांची अवस्था बिघडली तेव्हा त्या बिचाऱ्या तिकडून काहीच करू शकत नव्हत्या. मुख्य उपचार इथलाच हवा. आई भारतात गेल्या की मात्र टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर लक्षात ठेवा, तिथे मराठीत बोलता येतं.

तुमचे बाबा शेवटी हॉस्पिसच्या, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणाऱ्या सेवेच्या, देखरेखीखाली होते का दादा? असतील तर लगेच फोन करा. मेडिकेअरच्या नियमाने हॉस्पिसला पेशंट गेल्यानंतर वर्षभर घरच्यांना शोकासाठी समुपदेशन द्यावं लागतं, वेगळे पैसे न घेता. बहुतेक कुटुंबांना त्या गडबडीत हे कोणी नीट सांगत नाही, कागदांच्या गठ्ठ्यात राहून जातं.

आईंना तयार करताना डिप्रेशनवरून सुरुवात करू नका. झोप लागत नाही हे त्या स्वतः म्हणत असतील, तर तेच धरून बोला. आमच्या बाबांनी "झोपेसाठी एकदा बोलून बघतो" म्हणून होकार दिला होता.

धागाकर्ता

दोघींचेही मनापासून आभार. डॉक्टरांशी बोललो. पुढच्या आठवड्यात फोनवर मराठी दुभाषा घेऊन आईला एकटीला भेटणार आहेत. गोळ्या कुलपात ठेवल्या.

बाबा शेवटचे काही आठवडे घरीच हॉस्पिसमध्ये होते. तिथे फोन केला. वर्ष व्हायला अजून अवधी आहे. त्यांची शोक-समुपदेशक घरी येईल, मराठी येत नाही पण दुभाषा देणार आहेत. तेवढ्यावर सुरुवात करतोय.

एलसीएसडब्ल्यूचा शोध चालूच आहे. हव्या असलेल्या गोष्टी पुन्हा लिहितो: न्यू जर्सीचं लायसन्स (टेक्सासचंही असेल तर उत्तम), मेडिकेअर घेणारी, मराठीतून थेरपी दिलेली, शक्यतो बाई. ऑनलाइन चालेल. कोणाचा अनुभव असेल तर त्यांची परवानगी घेऊन मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे उघड नाव लिहू नका. मिडलसेक्स काउंटीत ज्येष्ठांचं मराठी बोलणारं एखादं दुपारचं मंडळ असेल तर तेही कळवा. आईला न्यायला-आणायला मी कामाच्या वेळा बदलून घेईन.