हर्झलच्या आधी कोणी नव्हतंच का?

मंदार_क: झायोनिझमवर, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्रीय घर उभारायच्या चळवळीवर, काहीही वाचा, सुरुवात थेट १८९७, बाझलचं पहिलं अधिवेशन, ते भरवणारा थिओडोर हर्झल. त्याआधी युरोपात ज्यूंच्या राष्ट्रवादी संघटना नव्हत्याच का? आणि हर्झल राहायचा व्हिएन्नाला, मग अधिवेशन स्वित्झर्लंडमध्ये कसं?

जुनाट_वाचक: होत्या की, चांगल्या पंधरा वर्षं आधीपासून. १८८१ला झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि रशियन साम्राज्याच्या दक्षिणेत ज्यूविरोधी दंगली उसळल्या. ओडेसाचा डॉक्टर लिऑन पिन्स्कर तोवर ज्यूंनी रशियन समाजात मिसळून जावं अशा मताचा. दंगलींनी ते मत साफ पालटलं. १८८२मध्ये त्याने ‘आत्ममुक्ती’ ही पुस्तिका बर्लिनमध्ये जर्मनमधून, स्वतःचं नाव न घालता छापली. त्याच सुमारास गावोगावी ‘होवेवेई झियोन’ (झायनचे प्रेमी) मंडळं निघाली, पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंनी वस्ती करावी म्हणून. १८८४ला त्यांची परिषद काटोवित्सेला भरली. ते तेव्हा प्रशियात, म्हणजे झारच्या पोलिसांच्या हद्दीबाहेर. १८९०मध्ये रशियन सरकारने ओडेसाच्या मंडळाला परवानगी दिली, पण नाव काय? सिरिया आणि पॅलेस्टाइनमधल्या ज्यू शेतकरी-कारागिरांना मदत करणारी संस्था! राष्ट्राचा ‘र’सुद्धा नाही.

बाझलचं म्हणाल तर आधी म्युनिक ठरलं होतं. तिथल्या ज्यू पुढाऱ्यांनीच हरकत घेतली. आम्ही जर्मन नागरिक, आमच्या निष्ठेवर उगाच संशय नको, असा एकंदर सूर.

हर्झलचं खरं कर्तृत्व मला विचाराल तर व्यवस्थेत आहे. ‘शेकेल’ नावाची वर्गणी भरा, प्रतिनिधी निवडायचा हक्क मिळवा. १८९९ला लंडनमध्ये बँक, १९०१ला जमीन खरेदीसाठी निधी. आणि थाट असा की उद्घाटनाला काळा टेलकोट सक्तीचा. त्याचा सहकारी, लेखक माक्स नोर्दाऊ साध्या कोटात आला, तर हर्झलने त्याला गळ घालून कपडे बदलायला लावले.

लालपेन: बुंद राहिलाच की! तोही १८९७चाच, ऑक्टोबरात, विल्नामध्ये, गुपचूप. ज्यू कामगारांचा समाजवादी पक्ष. जिथे राहतो तिथेच हक्क मिळवू, पॅलेस्टाइन कशाला, हे त्यांचं म्हणणं.

जुनाट_वाचक: बरोबर, पण बुंदला राष्ट्रवादी म्हटलेलं त्यांनाच रुचलं नसतं. सांस्कृतिक स्वायत्तता मात्र पुढे त्यांनीही मागितली. त्या बाजूने इतिहासकार सायमन दुबनोव अधिक नेमका: भाषा, शाळा, संस्था आपल्या हातात, पण भूमी युरोपच. १९०६ला त्याचा फोल्क्सपार्टेई (लोकपक्ष) निघाला.

मंदार_क: मग जुनी रशियन मंडळी हर्झलमागे मुकाट गेली?

जुनाट_वाचक: मुकाट कसली! १९०३च्या झायोनिस्ट अधिवेशनात, ज्यूंच्या वस्तीसाठी पूर्व आफ्रिकेत जमीन द्यायचा ब्रिटिश प्रस्ताव आला. पाहणी पथक पाठवायचा ठराव २९५ विरुद्ध १७८ मतांनी मंजूर झाला आणि विरोधातले रशियन प्रतिनिधी सभागृह सोडून गेले. त्यात रशियन साम्राज्यातल्या किशिनेव शहराचेही होते, जिथे त्याच वर्षी ज्यूंची कत्तल झाली होती. १९०५ला तो प्रस्ताव निकालात निघाला, तेव्हा हर्झल हयात नव्हता.