पायथन: डिक्शनरीतल्या व्हॅल्यूज एका फटक्यात वेगवेगळ्या व्हेरिएबलमध्ये कशा घ्यायच्या?

कोपरखैरणे_कट्टा

नमस्कार मंडळी, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मामाचा गाळा आहे, त्याच्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहितोय. रोजच्या भावाची सीएसव्ही फाईल वाचायची आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला दोन ओळींचा मेसेज बनवायचा, एवढंच काम. डिक्टरीडर (पायथनमधला सीएसव्ही वाचणारा) वापरलाय त्यामुळे प्रत्येक ओळ डिक्शनरी (कॉलमचं नाव आणि त्याची व्हॅल्यू अशा जोड्या) होऊन येते, साधारण अशी (आकडे उगाच टाकलेत, कोणी भाव विचारू नका):

भाव = {"माल": "कांदा", "आवक": "९५००", "किमान": "१२००", "कमाल": "२०००"}

आता सारखं भाव["किमान"] भाव["कमाल"] लिहून कंटाळा आला म्हणून हे केलं

माल, आवक, किमान, कमाल = भाव

एरर नाही काही नाही, पण प्रिंट केलं तर माल मध्ये "माल" आणि किमान मध्ये "किमान"च येतंय, कांदा गेला कुठे?? जावास्क्रिप्टमध्ये महिरपी कंसात नावं लिहिली की झालं, इथे तसं काही नाहीये का? ट्रान्सहार्बर लोकलला उभा राहून फोनवरून टाईप करतोय, मराठी कीबोर्ड चालू आहे, सांभाळून घ्या.

ऐरोली_नाका

भावा, डिक्शनरी नुसती उलगडली की कीज (म्हणजे नावं) मिळतात, फॉर लूप फिरवल्यावर मिळतात तशाच. व्हॅल्यूज पाहिजेत तर तसं सांगावं लागतं:

माल, आवक, किमान, कमाल = भाव.व्हॅल्यूज()

पायथन ३.७ पासून ज्या क्रमाने टाकलं त्याच क्रमाने निघतं ही भाषेचीच गॅरंटी आहे, डोळे झाकून वापर.

घोडबंदर_वाली

डोळे झाकून अजिबात नको 🙏 क्रमाची गॅरंटी आहे हे बरोबर, पण क्रम कोणाचा? फाईलच्या पहिल्या ओळीत कॉलम जसे लिहिलेत तो. उद्या फाईल बनवणाऱ्याने कमाल आधी आणि किमान नंतर टाकलं तर तुमचा कोड शांतपणे उलटे भाव काढेल आणि मामा ते ग्रुपवर फॉरवर्ड करून मोकळे. एखादा कॉलम वाढला तर निदान व्हॅल्यूएरर तरी येतो की बाबा जास्त व्हॅल्यूज आल्या, पण अदलाबदल झाली तर हूं की चूं नाही.

म्हणून नावाने काढा. जावास्क्रिप्टसारखी सोय पायथनमध्ये नाही, जवळचं म्हणजे ऑपरेटर मॉड्यूलमधला आयटमगेटर:

माल, किमान, कमाल = आयटमगेटर("माल", "किमान", "कमाल")(भाव)

यात क्रम तुमचा, फाईलचा नाही, आणि नको ती आवक घ्यायची पण गरज नाही. की नसेल तर कीएरर येईल, येऊ दे. एकच की दिलीत तर मात्र टपल (व्हॅल्यूजचा गट) नाही, सरळ व्हॅल्यू परत येते, तिथे बरेच जण अडकतात.

पाचपाखाडी_पायथन

एवढं कशाला, लोकल्स().अपडेट(भाव) मारा, सगळी व्हेरिएबल्स आपोआप तयार

घोडबंदर_वाली

@पाचपाखाडी_पायथन फंक्शनच्या आत करून बघा, काहीच होणार नाही. फंक्शनमधली लोकल नावं कोड कंपाईल होतानाच ठरतात, लोकल्स() फक्त त्यांची एक प्रत हातात देतं, ३.१३ मध्ये तर दर वेळी नवीन प्रत मिळते असं स्पष्टच करून टाकलंय. फंक्शनबाहेर ग्लोबल लेव्हलला चालतं, पण मग फाईलमध्ये "प्रिंट" नावाचा कॉलम निघाला तर प्रिंट गेलं कामातून.

कळवा_कार्यकर्ता

मी तर म्हणेन उलगडूच नका. मेसेज बनवणारं फंक्शन असेलच ना, त्यालाच डिक्शनरी दोन तारे लावून द्या:

डेफ मेसेज_बनव(माल, किमान, कमाल, **बाकी):

आणि कॉल करताना मेसेज_बनव(**भाव). नावाला नाव जुळतं, जास्तीचं सगळं बाकी मध्ये जातं, एखादं कमी पडलं तर टाईपएरर. आणि हो, मराठी नावं खरंच चालतात, पायथन ३ ला देवनागरी व्हेरिएबलचं वावडं नाही. फक्त हेडरमध्ये "किमान दर" अशी मध्ये स्पेस असेल तर तसं नाव पॅरामीटरला देता येत नाही, तिथे आयटमगेटरच बरा.

३.१० च्या पुढे असाल तर मॅच-केसने पण होतं, केसमध्ये डिक्शनरीचा साचा लिहायचा, जास्तीच्या कीज तो सोडून देतो. एका ओळीच्या कामाला जरा जास्तच आहे ते.

अजून एक, डिक्टरीडर सगळं स्ट्रिंग देतो. इंट() न लावता तुलना केलीत तर "९००" हे "१२००" पेक्षा मोठं निघेल. इंट("१२००") देवनागरी आकड्यांवर पण चालतं, उगाच रूपांतर करत बसू नका.

कोपरखैरणे_कट्टा

तारेवालं आवडलं पण खऱ्या फाईलवर माल मिळत नाही म्हणून टाईपएरर येतोय, आयटमगेटरने कीएरर, तोही "माल" वरच. एक्सेलमध्ये उघडून बघितलं, पहिलाच कॉलम माल आहे, स्पेलिंग पण तेच, स्पेस नाही काही नाही. बाकीचे कॉलम बरोबर येतात

घोडबंदर_वाली

पहिलाच कॉलम ना? प्रिंट(लिस्ट(भाव)) करा, "माल" च्या आधी \यूएफईएफएफ असं काहीतरी चिकटलेलं दिसेल. एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही सेव्ह केली की फाईलच्या सुरुवातीला ही न दिसणारी खूण येते. ओपन करताना एन्कोडिंग "यूटीएफ-८-सिग" द्या, निघून जाईल.

कोपरखैरणे_कट्टा

हो तेच होतं!! चालू झालं. मामा आता विचारतोय बटाट्याचे भाव पण येतील का 😅