सातवीला नकाशावाचन: सुरुवात कुठून करावी?

वर्ग_सातवी (नागपूर)

वर्गात 52 मुलं, तासिका 35 मिनिटांची. मुलं नकाशा भरतात, रंगवतात छान, पण वाचता येत नाही. फळ्याकडची बाजू म्हणजे उत्तर, असं धरून चालतात. प्रमाणाचं सूत्र पाठ आहे, पण शाळा ते स्टेशन अंतर काढा म्हटलं की अडतात. समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) त्यांना रस्ते वाटतात. शिवाय स्थान, ठिकाणाची वैशिष्ट्यं, माणूस व पर्यावरण, हालचाल, प्रदेश ही भूगोलाची पाच सूत्रं शिकवायची आहेत. ती वेगळी घ्यावीत की नकाशासोबत? झिरो माइलला, म्हणजे गावांची अंतरं कोरलेल्या आपल्या शहरातल्या जुन्या खांबाकडे, न्यायचा विचार आहे, तिथे काय करून घ्यावं? खर्च कमीत कमी हवा.

ओळंबा

मॅडम, ॲटलास महिनाभर बाजूला ठेवा. पहिला नकाशा मुलांनी स्वतः काढलेला हवा, आणि तो त्यांच्याच वर्गखोलीचा.

खोली 6 मीटर × 7.5 मीटर असेल तर 1 सेंमी = 50 सेंमी धरा. नकाशा 12 × 15 सेंमीचा होतो, वहीच्या पानावर बसतो. सहा-सहा मुलांचे गट करा. टेप एकच असेल तर सुतळीला दर मीटरला गाठ मारून प्रत्येक गटाला द्या. नायलॉनची दोरी नको, ओढली की ताणते आणि एकेका गटाचं माप वेगळं येतं.

चुका ठरलेल्या असतात. मुलं बाक समोरून दिसतो तसा पायांसकट काढतात, तेव्हा आधी डस्टर टेबलावर ठेवून वरून कसं दिसतं ते काढायला लावा. दुसरी चूक जास्त महाग पडते: एका बाकापासून पुढचा बाक, त्यापासून त्याच्या पुढचा, असं मोजत जातात. प्रत्येक मापातली चूक पुढे जमा होते आणि शेवटचा बाक भिंतीबाहेर जातो. सगळी मापं खोलीच्या एकाच कोपऱ्यातून घ्यायची, भिंतीलगत आणि भिंतीशी काटकोनात.

उत्तर दिशा मैदानात काढा, सावलीवरून. 1 मीटरची काठी ओळंबा लावून सरळ उभी करा आणि तिच्याभोवती 1.25 मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. डिसेंबरात सावलीचं टोक सकाळी साडेदहाच्या सुमारास वर्तुळाला टेकतं आणि दुपारी दोनच्या आगेमागे पुन्हा टेकतं. ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा, तिला काठीपासून टाकलेला लंब म्हणजे उत्तर-दक्षिण. सर्वांत आखूड सावलीही मोजायला सांगा. 22 डिसेंबरला नागपुरात ती जवळपास काठीएवढीच, 98-99 सेंमी भरते.

घड्याळात बारा वाजले की सावली उत्तरेला, हे मात्र शिकवू नका. आपलं रेखांश 79°5' पूर्व, प्रमाणवेळेचं 82°30'. फरक 3°25', म्हणजे जवळपास पावणेचौदा मिनिटं. 22 डिसेंबरच्या आगेमागे खरी दुपार, म्हणजे सूर्य सर्वांत उंच येण्याची वेळ, 12:12 च्या सुमारास होते. बाराला घेतलेली रेषा सुमारे 4 अंश चुकते. जूनअखेरीस शाळा उघडल्याबरोबर हा प्रयोग घेऊ नका. तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडेच असतो. सावली इवलीशी आणि पडते दक्षिणेला, पोरं पार गोंधळतात.

मैलाचा_दगड

वरच्या सरांशी सहमत. वर्गखोलीनंतर शाळेचं मैदान 1:500 ने काढा, 60 × 40 मीटर म्हणजे 12 × 8 सेंमी. मग थेट टोपोशीट, म्हणजे उंची, नद्या, रस्ते दाखवणारा तपशीलवार सरकारी नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकानुसार नागपूर 55 ओ/4 वर येतं: 21°00' ते 21°15' उत्तर, 79°00' ते 79°15' पूर्व. प्रमाण 1:50,000, म्हणजे 2 सेंमी = 1 किमी.

झेरॉक्स मोठी करून घेणार असाल तर जपून. 200 टक्के केली की खाली छापलेलं 1:50,000 खोटं ठरतं, खरं प्रमाण 1:25,000 होतं. रेषाप्रमाण (अंतराच्या खुणा केलेली छापील पट्टी) मात्र नकाशासोबत मोठं होतं म्हणून बरोबर राहतं. शब्द, अंक आणि रेषा या प्रमाण सांगायच्या तीन पद्धतींपैकी रेषाप्रमाण का हवं, हे मुलांना यातून एका मिनिटात पटतं. वळणाच्या रस्त्याचं अंतर मोजायला दोरा ओला करून लावा, कोरडा घसरतो.

अक्षांशात एक चूक सगळीकडे दिसते. मोबाइल 21.15 दाखवतो आणि मुलं 21°15' लिहून राहतात. 0.15 अंश म्हणजे 0.15 × 60 = 9 मिनिटं, म्हणून 21°9'. सहा मिनिटांचा फरक म्हणजे नागपूर 11 किमी उत्तरेला सरकलं, शहर शीटच्या वरच्या कडेला जाऊन बसलं. आणखी एक: अक्षांश-रेखांश सांगताना उत्तर आधी, पण चौकटीचा संदर्भ (नकाशावरच्या चौकोनांच्या आकड्यांनी जागा सांगणं) सांगताना पूर्व आधी. हे दोन्ही एकाच तासाला घेऊ नका.

झिरो माइलला जरूर न्या, पण 'देशाचा मध्यबिंदू' एवढं सांगून परत आणू नका. ते सर्वेक्षणाचं ठिकाण आहे आणि तिथे समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदलेली आहे, सुमारे 1020 फूट, म्हणजे 311 मीटर. खांबावर जबलपूर, हैदराबाद, छिंदवाडा, बैतुल, सिवनी अशा गावांची अंतरं मैलांत कोरली आहेत. ती उतरवून घ्या, 1.6 ने गुणून किलोमीटर करा, मग ॲटलासवर पट्टीने सरळ अंतर काढा. कोरलेलं अंतर जास्त का भरतं, याचं उत्तर मुलांनीच शोधावं. 'हालचाल' हे सूत्र तिथेच शिकवून होतं.

कन्हानकाठ

पाच सूत्रांच्या व्याख्या लिहून देऊ नका, कळकळीने सांगतो. व्याख्या परीक्षेपुरती टिकते. एक जागा घ्या आणि पाच प्रश्न विचारा. अंबाझरी तलाव घ्या.

कुठे? साधारण 21°8' उत्तर, 79°2' पूर्व. कशी? बेसाल्ट आणि काळ्या मातीच्या पश्चिम भागात, शहराच्या उंच बाजूला. माणसाने काय केलं? नाग नदीवर बांध घातला, खालच्या अंगाला वस्ती वाढली. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. इथे टोपोशीट काढा. शहराचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे. समोच्च रेषा नदी ओलांडताना इंग्रजी व्हीसारखी वळते आणि टोक वरच्या अंगाला, म्हणजे इथे पश्चिमेला करते. पाणी कुठून कुठे गेलं ते मुलं बोटाने दाखवतात. ज्यांच्या घरात पाणी शिरलं अशी मुलं वर्गात असू शकतात, त्यांना उभं करून विचारू नका.

हालचालीसाठी पाण्याचाच माग काढा: शहराला आज पाणी पेंच आणि कन्हानहून येतं. प्रदेशासाठी संत्री घ्या. काटोल-नरखेडचा पट्टा जिल्ह्याच्या हद्दीवर थांबत नाही, पुढे अमरावती जिल्ह्यातल्या वरुडकडे जातो. प्रशासकीय सीमा आणि पिकाचा प्रदेश एकमेकांवर ठेवून पाहिले की 'प्रदेश' समजतो.

वर्ग_सातवी (नागपूर)

फार उपयोगी. समोच्च रेषांची प्रतिकृती करायची तर अंबाझरीचीच करू का?

कन्हानकाठ

नको, तिथला उतार फार मंद आहे, उंचीत दर 20 मीटरला एक अशा रेषा मोजक्याच मिळतात. रामटेकचा डोंगर घ्या (55 ओ/7). घोड्याच्या नालेसारखा आकार रेषांतच दिसतो. भाग दोनदा 200 टक्के मोठा करा, प्रमाण 1:12,500 होईल. खोक्याचा 3 मिमी पुठ्ठा, प्रत्येक रेषेला एक थर. या प्रमाणात 20 मीटर म्हणजे 1.6 मिमी, म्हणून डोंगर खऱ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट उंच दिसेल. हे मॉडेलवर लिहाच. प्रत्येक थरावर पुढच्या थराची रेषाही पेन्सिलने उतरवून ठेवा, नाहीतर चिकटवताना थर सरकतात. फेव्हिकॉल पातळ थरात लावा, जास्त झाला की पुठ्ठा फुगून वाकतो, आणि रात्रभर वर वह्यांचा गठ्ठा ठेवा.