ट्रेलरच्या प्रोपेन लाइनवर बाहेरचा तवा जोडला की आच मंद का होते?

भटकंती_सॅनहोजे

नमस्कार. आमच्याकडे गाडीमागे ओढण्याचा ट्रेलर आहे. त्याच्या पुढच्या टोकाला २० पाउंडांचे दोन प्रोपेन सिलिंडर असून एक संपला की दुसऱ्यावर आपोआप जाणारा रेग्युलेटर मधे बसवलेला आहे. स्वयंपाकघराच्या बाजूला, बाहेरून, व्हॉल्व्ह असलेले एक क्विक-कनेक्ट तोंड आहे आणि त्यावर ते केवळ कमी दाबाच्या उपकरणांसाठी असल्याची सूचना आहे. आत थालीपीठ लावले की धुराचा अलार्म वाजू लागतो, म्हणून बाहेर वापरण्यासाठी १७ इंची सपाट तव्याची गॅस शेगडी घेतली. ती मुळात १ पाउंडाच्या डब्यावर चालते. परंतु हे एकदा वापरून टाकायचे डबे विकण्यास कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२८ पासून बंदी येणार आहे, आणि रिकाम्या डब्यांचा ढीग आम्हालाही नकोसा झाला आहे.

त्यामुळे शेगडीच्या रेग्युलेटरच्या आट्यांवर एक अॅडॉप्टर लावून, नळीने ती ट्रेलरच्या क्विक-कनेक्टला जोडली. शेगडी पेटते, मात्र ज्योत इतकी बुटकी असते की तवा धड तापत नाही. तीच शेगडी डब्यावर उत्तम चालते. ट्रेलरच्या लाइनचा दाब कमी पडत असेल का? शेगडीचे जेट (बर्नरला गॅस सोडणारे बारीक छिद्र) थोडे मोठे करून घ्यावे, असा सल्ला एका परिचितांनी दिला आहे. तो योग्य आहे का?

डेन्व्हरचा_वाटसरू

जेटला कृपया हात लावू नका. लाइनचा दाबही बहुधा ठीकच आहे. आतली शेगडी आणि हीटर नीट चालत असतील, तर तिकडे शंका घेण्याचे कारण नाही. ट्रेलरचा हीटर साधारण ३०,००० बीटीयूचा (तासाभरातील उष्णतेचे माप) असतो, तर तुमचा तवा १२,००० च्या आसपासचा असेल.

प्रश्न दोनदा होणाऱ्या दाबनियंत्रणाचा आहे. २१ अंश सेल्सियसला सिलिंडरमधील प्रोपेनचा दाब चौरस इंचाला सुमारे ११० पाउंड असतो आणि कडक उन्हाळ्यात तो १७० च्या घरात जातो. ट्रेलरचा रेग्युलेटर तो ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे चौरस इंचाला जेमतेम ०.४ पाउंड, इतका खाली आणतो, आणि क्विक-कनेक्टच्या तोंडाशी तुम्हाला हाच दाब मिळतो. शेगडीवरचा छोटा रेग्युलेटर मात्र डब्यातील पूर्ण दाब आत येईल असे धरून बनवलेला आहे. त्याच्या तोंडाशी आधीच उतरवलेला दाब आला, की त्यातील स्प्रिंग आणि रबरी पडदा तो आणखी उतरवतात, आणि बर्नरपर्यंत पोहोचतो तो निव्वळ उरलासुरला गॅस.

म्हणून इथे काही वाढवायचे नसून शेगडीचा रेग्युलेटर काढायचा आहे. त्याच्या जागी पितळी जोड, कमी दाबाची नळी आणि क्विक-कनेक्टचा प्लग एवढेच लागते; टेबलावर ठेवायच्या अनेक तव्यांसाठी असे तयार संच मिळतात. त्याआधी शेगडीवरची माहितीपट्टी वाचा. तिथे मॅनिफोल्ड दाब, म्हणजे बर्नरकडे जाणाऱ्या गॅसचा दाब, ११ इंच किंवा त्याच्या अगदी जवळचा दिलेला असेल, तरच हा मार्ग तुमच्यासाठी आहे.

जेट मोठे केल्यास आज ज्योत वाढेल, पण उद्या कोणी त्या शेगडीला पुन्हा रेग्युलेटर आणि डबा लावला, तर गॅस गरजेपेक्षा जास्त येईल, ज्योत पिवळी होईल, काजळी धरेल आणि कार्बन मोनॉक्साइडही वाढेल.

तळेगाव_ते_टोरांटो

वरील उत्तराशी सहमत आहे, तथापि हा मार्ग सर्व उपकरणांना लागू होत नाही. टर्की तळण्याचे मोठे बर्नर चौरस इंचाला १० पाउंड किंवा त्याहून अधिक दाबावर चालतात, आणि काही कॅम्पिंग स्टोव्हही ११ इंचांच्या दाबासाठी बनवलेले नसतात. अशांना क्विक-कनेक्टवरून कितीही नळ्या बदलल्या तरी पुरेशी आच मिळणार नाही. त्यांच्यासाठी सिलिंडर आणि ट्रेलरच्या रेग्युलेटरकडे जाणारी छोटी नळी यांच्यामध्ये पितळी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून, तिच्या मोकळ्या तोंडातून जास्त दाबाची नळी काढावी लागते. तिथे शेगडीचा स्वतःचा रेग्युलेटर जागेवरच राहिला पाहिजे. तो काढून टाकणे अत्यंत धोक्याचे ठरेल.

काही छोट्या ग्रिलमध्ये रेग्युलेटर आणि बटणाचा व्हॉल्व्ह एकसंध असतो. त्यांच्याशी झटापट करण्यापेक्षा मी टीच पसंत करेन. वॉरंटी चालू असलेल्या शेगडीबाबतही माझे मत हेच आहे. मात्र नळी ट्रेलरच्या पुढच्या टोकापासून चुलीपर्यंत जमिनीवरून आणावी लागते, लोक तिला अडखळतात आणि तिच्यात सिलिंडरचा पूर्ण दाब असतो, हे विसरता येत नाही. शिवाय टी ज्या सिलिंडरवर असेल तेवढ्याच सिलिंडरचा गॅस शेगडीला मिळतो. आपोआप बदलाची सोय तिला लागू होत नाही. मोटरहोममध्ये टाकी कायमची बसवलेली असते आणि तिथले जोड बहुधा उलट्या आट्यांचे असतात, त्यामुळे त्यासाठी वेगळा संच घ्यावा लागतो.

भटकंती_सॅनहोजे

दोघांचेही आभार. माहितीपट्टीवर ११ इंचच आहेत आणि रेग्युलेटर स्वतंत्र नटाने बसवलेला आहे, तेव्हा पहिला मार्ग स्वीकारतो. एक उपप्रश्न: आईंनी पुण्याहून आणलेली दोन बर्नरची शेगडी घरात पडून आहे. तीच या तोंडाला जोडता येईल का?

तळेगाव_ते_टोरांटो

दाबाचा विचार केला तर फरक फारसा नाही. भारतातील घरगुती शेगडी सुमारे ३० मिलिबारवर चालते आणि ११ इंच म्हणजे साधारण २७ मिलिबार. परंतु तिकडचा एलपीजी हे ब्यूटेन आणि प्रोपेनचे मिश्रण असते आणि जेट त्याच हिशेबाने बेतलेले असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रबरी नळी खाचांच्या नोझलवर दाबून बसवण्याची पद्धत ट्रेलरच्या जोडणीसाठी नाही, आणि इथले प्रमाणपत्र नसलेल्या शेगडीमुळे काही अपघात झाला, तर विमा कंपनीला उत्तर देणे कठीण जाईल. ती शेगडी पुण्यालाच परत जाऊ द्या.

गॅसजोडणी_फिनिक्स

ट्रेलर दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे, म्हणून प्रत्यक्ष जोडणीबद्दल थोडे लिहितो. फ्लेअर जोडावर (पसरट कडेचा, नटाने आवळायचा जोड) टेप किंवा पेस्ट लावू नये. तिथे धातूवर धातू बसूनच गॅस अडतो. निमुळत्या आट्यांवर मात्र गॅससाठीची पिवळी टेप हवी. सर्व जोडून झाल्यावर शेगडीची बटणे बंद ठेवून व्हॉल्व्ह उघडा आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहा. अमोनिया किंवा क्लोरीन असलेला साबण पितळाला खातो, तो टाळा. काडी ओढून गळती शोधणारे लोक मला आजही भेटतात.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह नेहमी सावकाश उघडा. झटक्यात उघडल्यास गळती समजून गॅस रोखणारी आतली सुरक्षा-यंत्रणा अडकते आणि ज्योत पुन्हा तशीच बुटकी दिसते. पुष्कळ जण त्यावेळी विनाकारण नवा रेग्युलेटर घेऊन येतात. तसे झाल्यास सर्व बंद करून थोडे थांबा आणि पुन्हा हळू उघडा. त्यानंतरही आच कमीच राहिली तर दाब मॅनोमीटरने मोजून घ्या. उपकरणे चालू असताना ११ इंच मिळायला हवेत, आणि सर्व बंद असताना तो १४ च्या वर चढता कामा नये. चढत असेल तर ट्रेलरचाच रेग्युलेटर बदलण्याची वेळ आली आहे.

शेगडी ताडपत्रीच्या छताखाली किंवा उघड्या खिडकीपाशी मांडू नका. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे तो जमिनीलगत, ट्रेलरच्या पोटाखाली साचतो. आतला गॅस-डिटेक्टर जमिनीलगत बसवलेला असतो तो याच कारणाने. स्वयंपाक झाला की आधी क्विक-कनेक्टचा व्हॉल्व्ह बंद करा, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्या, मग बटणे बंद करून नळी काढा आणि तोंडावर टोपण लावा, कारण रस्त्यावरची धूळ आणि कोळ्यांची जाळी आत गेली तर पुढच्या सहलीत प्लग धड बसत नाही.