मदत हवी आहे: एल४-एल५ची (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) चकती सरकली तर एल५ची नस का दबते?

नमस्कार मंडळी. मी मेलबर्नला कायरोप्रॅक्टिक (हातांनी मणके-सांधे हाताळून उपचार) शिकतेय, पहिलं वर्ष. ग्रुपवर फिजिओ आणि डॉक्टर बरेच आहेत म्हणून विचारते.

मानेत मणके ७ आणि नसांच्या जोड्या ८, इथपर्यंत ठीक. मानेच्या नसा सी१ ते सी७ आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, सी८ सातव्याच्या खालून, आणि तिथून पुढे सगळ्या खालून. मग कमरेत एल४ची नस एल४-एल५च्याच फटीतून बाहेर पडते ना? तरी चकती सरकली की बहुतेक वेळा दबते एल५. मला वाटतं एल४ वरच्या भागातून आधीच निसटते आणि एल५ खाली जाताना चकतीच्या मागून जाते. बरोबर आहे का? आणि चकती अगदी बाजूला, फटीच्या बाहेर सरकली तर एल४ दबेल, असंच ना?

दुसरं, पाऊल लुळं पडलेला पेशंट. दोष एल५च्या मुळाशी (नस मणक्यातून निघते तिथे) की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युलाच्या (नडगीशेजारचं बारीक हाड) मानेपाशी दबलेल्या पेरोनियल नसेत (पाऊल वर उचलणारी नस)? पाऊल आत वळवायची ताकद तपासा, ती कमी असेल तर मुळाशी, असं सीनियर म्हणाली. एवढ्यावर विसंबता येतं? तुम्ही आणखी काय बघता?

शेवटचं: न्यूराप्रॅक्सिया (नसेचे तंतू शाबूत, फक्त संदेश अडलेला) आणि ॲक्सोनोटमेसिस (आतले तंतू तुटलेले, आवरण शाबूत) पहिल्या दोन-चार दिवसांत ओळखू येतात का? तुटलेली नस दिवसाला साधारण १ मिमी वाढते म्हणे, म्हणजे कमरेपासून नडगीपर्यंत वर्ष-दोन वर्षं? सोमवारी तोंडी परीक्षा आहे. पाठांतर झालंय, पण उलटा प्रश्न आला की गाडी अडते.